दगडांचा सातबारा

गेल्या अक्षय्य तृतीयेस, म्हणजे ज्या तिथीस केलेल्या दानाचे पुण्य कधी क्षय पावत नाही असे वाडवडील सांगून गेले त्या तिथीस, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर मी अंमळ खाकरून, माझा जन्मभराचा जीवाश्मसंग्रह एखाद्या विद्यापीठास किंवा वस्तुसंग्रहालयास दान करण्याचा संकल्प आमच्या मंडळींच्या कानी घातला. मंडळी त्या वेळी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता ताटातला एक खडा चिमटीत धरून माझ्यापुढे ठेवला आणि "हाही त्यातच घाला," एवढेच म्हटले. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या शास्त्रोपासनेस घरातून मिळालेली ही पहिली देणगी.

या उपासनेचा आरंभ नोकरीत झाला. भूमिअभिलेख खात्यात मोजणीच्या कामावर मी बत्तीस वर्षे काढली. दोन सख्ख्या भावांच्या शेतांमधला हद्दीचा दगड एका रात्रीत चार हात सरकतो कसा, हा ज्या विद्येतला मुख्य प्रश्न, त्या विद्येत माणसाची दृष्टी जमिनीवर खिळते. आणि नागपूर, भंडारा, चांदा या मुलखांत ज्याची दृष्टी जमिनीवर खिळली, त्याला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक लोट थंडावून दुसरा येईपर्यंतच्या सवडीत जी तळी साचली, त्या तळ्यांत ज्या गोगलगायी नांदल्या, काठच्या झाडांनी जी फळे धरली, आणि पुढल्या लोटाने ज्या सर्वांस एका दमात गाडून टाकले, त्या सर्वांची भेट आज ना उद्या व्हावयाचीच. हद्दीचे दगड जागच्या जागी ठेवण्याबद्दल सरकार मला पगार देई. जे दगड कोणाच्याच हद्दीत जमा नसत ते मी पिशवीत घालून घरी आणी.

निवृत्त होईतो या दगडांनी डालड्याचे तेवीस डबे, लोखंडी पलंगाखालचा सर्व मुलूख आणि माळ्याचा पूर्वभाग काबीज केला होता. टाकळीच्या गोगलगायी होत्या. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानची दगड झालेली फळे होती. सिरोंच्याकडचा एक अश्मीभूत ओंडका होता, जो दोन हमालांनी आणून पडवीत ठेवला त्या दिवसापासून फरशीसह अर्धा इंच खचला. आणि वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचे ते प्रसिद्ध द्रव्य होते, ज्याचा उल्लेख घरात करताना मी फार काळपर्यंत 'प्राचीन अवशेष' अशा मोघम संज्ञेचा आश्रय घेत आलो होतो. एके दिवशी भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक चहाला आले आणि त्यांनी डब्याचे झाकण उघडून, "वा! डायनासोरची विष्ठा! आणि इतकी!" असे आनंदाने ओरडून माझा घात केला. तो डबा त्या घटकेपर्यंत साबुदाण्याच्या डब्याशेजारी नांदत होता. पुढले दोन दिवस घरात एकादशी नसूनही उपास घडला.

वस्तुतः या विष्ठाश्मांची योग्यता लहान नव्हे. पिसदुऱ्याच्या या मालावर मॅटलेसाहेबांनी १९३९ साली स्वतंत्र निबंध लिहिला, आणि २००५ साली वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातूनच गवताचे सूक्ष्म सिलिकाकण शोधून काढले. तोवर शास्त्रज्ञांची समजूत अशी की, डायनासोरांच्या काळी गवत असल्याचा पुरावा नाही. शेणाकडे पाहून जनावर काय चरून आले हे आमच्याकडचा गुराख्याचा पोर सहज सांगतो. तेच साडेसहा कोटी वर्षांनंतर सांगावयाचे म्हणजे सूक्ष्मदर्शक लागतो, इतकाच काय तो फरक. हे सर्व मी मंडळींस समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि डबा न्हाणीघरामागे ठेवावयास सांगितले.

आता हे दान करावे असे मनात येण्यामागे निखळ परोपकार होता, असे मी प्रतिज्ञापत्रावर लिहून देणार नाही. आमच्या नागपुरात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नामक स्कॉटिश मिशनरी गेल्याच्या आधीच्या शतकात आत्मे गोळा करावयास आले आणि टाकळीस गोगलगायी गोळा करीत बसले. त्यांचे नमुने पेट्या भरून लंडनला गेले. मांगलीच्या एका प्राचीन उभयचराची कवटी तर खुद्द रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली वर्णिली. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉपसाहेब नाल्याच्या पुरात बुडाले. तथापि त्यांच्या नावाचे खनिज आहे, त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. मला कॉलेज नको होते. एका दालनाच्या दारावर संगमरवरी पाटी, आणि तीही बेताची, एवढीच माझी आकांक्षा होती.

दात्यांनी पूर्वी कोणकोणत्या अटी घातल्या याचा शोध घेणे मग ओघानेच आले. लंडनचे वैद्य जॉन वूडवर्ड १७२८ साली वारले तेव्हा त्यांनी जीवाश्मांची आपली कपाटे केंब्रिज विद्यापीठास ठेवली, आणि तेथे जो व्याख्याता नेमावयाचा तो अविवाहितच असला पाहिजे, लग्न करील तर जागेला मुकेल, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले. त्या जागेवर १८१८ साली आलेले अॅडम सेजविक पंचावन्न वर्षे तेथे राहिले आणि ब्रह्मचारीच वारले. हा मजकूर मी मंडळींस वाचून दाखविला. "एका बाईचं तरी कल्याण झालं," असा त्यांनी शेरा मारला. सर हॅन्स स्लोन यांनी १७५३ साली एकाहत्तर हजार वस्तू ब्रिटिश राष्ट्रास दिल्या आणि त्यांतून ब्रिटिश म्युझियम उभे राहिले, असे मोठ्या गौरवाने सांगण्यात येते. परंतु त्या दिल्या त्या आपल्या मुलींस वीस हजार पौंड मिळावेत या बोलीवर. आमच्या खात्यात यास बक्षीसपत्र म्हणत नाहीत, खरेदीखत म्हणतात.

एक उदाहरण मात्र थट्टेचे नव्हे. लखनौच्या बिरबल सहानींनी १९४६ साली पत्नी सावित्री यांच्यासह आपला संग्रह, ग्रंथ आणि मिळकत एका न्यासाच्या स्वाधीन केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी संस्थेची कोनशिला बसविली, जी स्वतःच जीवाश्म जडवून तयार केलेली होती. आणि त्यानंतर आठवड्याच्या आत सहानी गेले. संस्था उभी राहिली ती सावित्रीबाईंनी उभी केली म्हणून. हे पान मंडळींनी चष्मा लावून स्वतः वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ मांडीवर ठेवले.

दानाचा पहिला प्रयत्न मी एका महाविद्यालयात केला. विभागप्रमुख सज्जन होते. त्यांनी मला चहा पाजला, माझ्या पिशवीतली गोगलगाय उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "फायसा प्रिन्सेपी. छान आहे. पण काका, या आमच्याकडे पोत्यांनी आहेत. कपाटं भरली, व्हरांडा भरला, आता जिन्याखाली ठेवतो आहोत." मग त्यांच्या चेहऱ्यावर एकाएकी कारुण्यमिश्रित आशा उमटली आणि त्यांनी विचारले, "तुम्हाला हव्यात का?" आपण याचक म्हणून गेलो असता नकार पचविणे सोपे असते, पण दाता म्हणून गेलेल्या मनुष्याने याचक होऊन परत यावे, हा प्रकार दानधर्माच्या कोणत्याही ग्रंथात वर्णिलेला मला आढळला नाही. त्या संध्याकाळी मी रिक्षातून घरी उतरलो तेव्हा माझ्याजवळ माझी पिशवी तर होतीच, शिवाय एक पोते अधिक होते. मंडळींनी दार उघडले, पोत्याकडे पाहिले आणि दार तसेच उघडे ठेवून आत निघून गेल्या.

दुसरा प्रयत्न एका संग्रहालयाच्या कचेरीत झाला. तेथल्या बारनिशी कारकुनाने मला एक नमुनापत्र दिले. ज्या मनुष्याने बत्तीस वर्षे इतरांकडून नमुनापत्रे भरून घेतली त्याच्या हाती ते आले तेव्हा मला क्षणभर घरी आल्यासारखे वाटले. पण तो आनंद अल्पायुषी ठरला. पहिला रकाना होता, 'वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे काय?' मी 'होय' लिहिले. 'असल्यास अंदाजे वय' या रकान्यात चार अंकांची जागा होती. साडेसहा कोटी मांडण्यासाठी मला समासात जावे लागले. 'वस्तू कोणत्या राजवटीतील आहे?' येथे मी रेघ ओढली. 'निर्मात्याचे नाव, माहीत असल्यास' या रकान्यापाशी मात्र मी थबकलो, कारण माझ्या सर्व संग्रहात निर्माता हा शब्द अगदी अक्षरशः लागू पडावा असा नमुना एकच होता, तो पिसदुऱ्याचा. तेव्हा मी तेथे ठसठशीत अक्षरांत 'टायटॅनोसॉर' असे लिहिले. कारकुनाने विचारले, "हे कुठले? मद्राशी?"

शेवटला रकाना मालकी हक्काच्या पुराव्याचा होता, आणि तेथे माझी लेखणी खरोखरीच अडली. हे दगड शेतकऱ्यांच्या बांधावरचे, नाल्यांच्या पात्रातले, विहिरींच्या मातीतले. महसुली दृष्टीने दगड, मुरूम हे गौण खनिज, आणि गौण खनिज उचलले म्हणजे स्वामित्वधन भरावे लागते, हे मी स्वतः कितीकांना डोळे वटारून सांगितले होते. आता बत्तीस वर्षांचे थकलेले स्वामित्वधन माझ्या निवृत्तिवेतनातून वसूल होत असल्याचे चित्र डोळ्यांपुढे येऊन मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि कारकुनाचा निरोप घेतला.

तिसरे दान स्वीकारले गेले. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी सिरोंच्याचा ओंडका मोठ्या हर्षाने मागून नेला. स्वातंत्र्यदिनी मी मुद्दाम पाहावयास गेलो, तो झेंड्याच्या खांबाभोवती कोट्यवधी वर्षांचे ते पुराणवृक्षाचे खोड एक पट्टा चुना आणि एक पट्टा गेरू अशा थाटात शोभत होते. गुरुजी म्हणाले, "मुलांना बसायला फार उपयोगी झालं." उपयोग झाला हे खोटे नव्हे, म्हणून मी काही बोललो नाही.

पुढे वर्ष उलटले, आणि कोणाकडून तरी वार्ता कळून, दूरच्या एका संग्रहालयातली एक तरुण अभ्यासिका दोन दिवसांची रजा काढून आमच्या घरी आली. पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीने अडकवलेले भिंग. आल्या आल्या तिने देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि नमस्कारातून वर येता येता "अमोनाइट!" असे पुटपुटली. आमचा शालिग्राम गंडकीचा. त्याच्या पोटातले चक्र हे एका समुद्रजीवाचे कवच आहे, हे मला ठाऊक होते, परंतु सासूबाईंनी दिलेल्या दैवताविषयी ही माहिती मंडळींस सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नव्हते. मंडळी म्हणाल्या, "देवाला कोणत्याही रूपात राहता येतं." धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी शेताचा राखणदार काकर भैरव म्हणून पूजिलेले गोल दगड डायनासोरची अंडी निघाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेही त्यांनी वाचले होते असे तेव्हा कळले. दोघींचे तेथेच जुळले.

मग मुलीने डबे उघडले. एकेक नमुना हातात घेई, भिंगातून पाही आणि अत्यंत मृदु स्वरात विचारी, "काका, हा कुठला?" मी म्हणे, "भंडाऱ्याकडचा असावा." "कुठल्या गावचा? कुठल्या थरातला? कधी उचलला?" प्रारंभी मी प्रत्येक दगडास चिठ्ठी चिकटविली होती, परंतु ती गव्हाच्या खळीने, आणि खळ हे कसरीचे पक्वान्न असल्यामुळे दोन पावसाळ्यांत सर्व चिठ्ठ्या नक्षीदार होऊन नाहीशा झाल्या. मुलीने सांगितले की संग्रहालयात दगडावर पांढऱ्या रंगाचा टिकला देऊन त्यावर शाईने क्रमांक घालतात, तोच क्रमांक नोंदवहीत असतो, आणि नवी जात ठरवावयाची तर तो मूळ नमुना सार्वजनिक संग्रहात, पत्त्यासह, पुन्हा कोणालाही पाहता येईल असा असावा लागतो. "पत्ता नसला तर, काका, हा नुसता देखणा दगड."

मी खाली मान घातली. आयुष्यभर मी गरीब शेतकऱ्यांस, "तुझ्या बापजाद्यांपासून कसतोस हे खरे रे, पण कागद कुठे आहे?" असे म्हणत आलो, आणि आज माझ्या दारी अकराशे दगड बिनसातबाऱ्याचे बसले होते. मी त्यांस ओळखीत होतो. कोणता पावसात सापडला, कोणत्यासाठी विंचू चावला, हे मला आठवत होते. पण ओळखीवर फेरफार मंजूर होत नाही, हा नियम मीच कितीकांना ऐकविलेला.

"कुठला हवाय?" स्वयंपाकघरातून आवाज आला. मुलगी म्हणाली, "काकू, हे काळपट, शेणासारखे." मंडळी हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी डब्यात वाकून पाहिले, माळ्यावर चढल्या आणि लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या खाली घेऊन आल्या. त्या घरखर्चाच्या वह्या होत्या. मुलीने एक उघडली आणि मोठ्याने वाचू लागली: "१२ मार्च १९८३, शनिवार. मौजे पिसदुरा. वरोऱ्यापर्यंत एस.टी. येणे-जाणे. शेतमालकास चहा-विडी सव्वा रुपया. नाल्याच्या उत्तरेस, बाभळीखाली, लाल मातीत. दगड अकरा, शेणासारखे. पोते एक, नवे."

खोलीत शांतता पसरली. मी विचारले, "हे तू कशासाठी लिहून ठेवलंस?" मंडळी म्हणाल्या, "तुमचा प्रवासभत्ता मंजूर व्हायला गाव आणि गट नंबर लागायचा, तो तुम्ही आल्यावर विसरायचात. म्हणून विचारून लिहीत होते. आणि दगड मोजायचे ते पोत्यांसाठी. माझी एकोणतीस नवी पोती गेली आहेत त्यात." वहीच्या मागल्या पानावर पोत्यांचा हिशेब खरोखरच वेगळा मांडलेला होता, आणि तो माझ्या नावे येणे म्हणून दरवर्षी पुढे ओढलेला होता.

त्यानंतरचे दोन दिवस माझे घरातले स्थान चहा आणून देण्यापुरते उरले. त्या दोघी जमिनीवर बसून एकीने वाचावे आणि दुसरीने दगड काढावा, अशा रीतीने रुजुवात करू लागल्या. 'वाटाण्याएवढे, सात', 'चपटे, मासळीच्या खवल्यासारखे, तीन, एक फुटका, यांनीच फोडला', अशी एकेक नोंद त्या मुलीच्या लेखी अमोल ठरत गेली. जे मला देखणे म्हणून प्रिय होते ते बहुतेक बाद झाले, आणि न्हाणीघरामागचा डबा एकमताने पहिल्या क्रमांकावर आला. चारशे बारा दगडांस पत्ता लागला. उरलेले शाळकरी मुलांनी हाताळावयास चालतील, असे ठरले. महाविद्यालयाचे पोते जिन्याखाली गेले. जिना या खेपेस आमचा होता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी कसल्याशा नोंदीचा खुलासा विचारावयास गच्चीवर गेली. तेथे कुरडयांचे वाळवण घातले होते: जुने धोतर, आणि ते उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. मी मागोमाग पोहोचलो तेव्हा ती ईशान्येच्या कोपऱ्यावर गुडघे टेकून बसली होती आणि दगडास हात न लावता त्याच्याभोवती भिंग फिरवीत होती. "काका, हा शेपटीचा मणका आहे. टायटॅनोसॉरचा. जवळजवळ अखंड." मी तो दगड पस्तीस-चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात ओलांडून गेलो होतो. वहीत त्याची नोंद सापडली: १९८६, पिसदुरा, 'मोठा एक, बिनकामाचा, गच्चीवर.'

मुलीने तो तत्काळ न्यावयाची परवानगी मागितली. मंडळी म्हणाल्या, "कुरडया उतरल्या की ने. मग सांडगे आहेत, पण त्यांना मी वीट लावीन." आर्जवे झाली, कोट्यवधी वर्षांचा हवाला देण्यात आला, "मग अजून चार दिवसांनी काय होतंय त्याला?" या प्रश्नास भूगर्भशास्त्राकडे उत्तर नव्हते. पोचपावती तेथेच गच्चीवर लिहिली गेली: विष्ठाश्म व इतर नमुने चारशे बारा, घरखर्चाच्या वह्या अकरा, नकला घेऊन परत करण्याच्या बोलीवर, मणका एक, वाळवणानंतर. दात्याच्या रकान्यापाशी लेखणी थांबली आणि मी खाकरलो. "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा," मुलगी म्हणाली. मंडळींनी सांगितले. मग पाटीएवढाच चौकोनी तो कागद माझ्याकडे वळविण्यात आला आणि साक्षीदार म्हणून मी खाली सही केली.

सही होताच त्या दोघी चहा प्यावयास खाली गेल्या. जाता जाता मंडळींनी काठी माझ्या हाती दिली, कारण पाण्याच्या टाकीवर दोन कावळे केव्हाचे येऊन बसले होते.